स्टुटगार्टची तिसरी, नाशिकची चौथी

१४ ऑगस्ट २०२५ ला दुपारी पावणेदोन वाजता आमच्या ईशानचं नाव नाशिकमधल्या एका अनुदानित मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चढलं. इयत्ता चौथी, सेमी इंग्रजी, तुकडी ब. क्लार्कच्या टेबलापाशी उभ्या उभ्याच माझे डोळे भरून आले. जर्मनीतून परत यायचं ठरल्यापासून सहा महिने डोक्यात दुसरा विषय नव्हता. परदेशातून अधल्यामधल्या इयत्तेत परतणाऱ्या मुलाचं नेमकं काय काय होतं, कोणते कागद लागतात, किती दिवस जातात, हे कुणी मराठीत क्रमाने लिहिलंय का ते मी खूप शोधलं. हाती काही लागलं नाही. आता पहिलं सत्र पार पडलंय, जानेवारी उजाडलाय, म्हणून बसून लिहून काढते आहे.

नवरा सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने त्याला स्टुटगार्टला पाठवलं, आम्ही मायलेक सोबत गेलो. ईशान तेव्हा साडेपाच वर्षांचा. इथलं त्याचं केजी करोनामुळे मोबाइलच्या पडद्यावरच झालं होतं. तिथल्या बालवाडीत पहिल्याच आठवड्यात आमच्याकडून रबरी बूट आणि चिखलात घालायची पँट मागवून घेतली. पाऊस असो, थंडी असो, रोज दोन तास मुलं अंगणात. अक्षरओळख नाही, अंक गिरवणं नाही. कात्रीने कापायचं, बुटांची नाडी बांधायची, झाडावर चढायचं, भांडण झालं तर आपलं आपण मिटवायचं. सासूबाई फोनवर काळजीने विचारायच्या, ‘‘अगं, इथली पोरं वाचायला लागली. याला अजून काहीच शिकवत नाहीत का?’’ मला उत्तर देता यायचं नाही, कारण आतून मलाही तीच धाकधूक होती.

स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ३० जूनपर्यंत सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल त्या सप्टेंबरमध्ये पहिलीत जातं, आणि शाळेत जाणं कायद्याने सक्तीचं आहे. ईशानची पहिली सप्टेंबर २०२२ ला सुरू झाली. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या निम्म्या उंचीचा पुठ्ठ्याचा रंगीत शंकू असतो, त्याला शूलट्यूटे म्हणतात. आत खाऊ, पेन्सिली, छोटी खेळणी. तो शंकू मी आणि नवऱ्याने दोन रात्री जागून चिकटवला होता. वर गणपती काढला होता, आणि वर्गातली पोरं तो हत्ती बघायला जमा झाली होती.

पण मला सांगायचंय ते रस्त्याबद्दल. पालकांच्या पहिल्याच बैठकीत वर्गशिक्षिकेने विनंती केली की मुलांना गाडीने सोडू नका. सुरुवातीचे काही दिवस सोबत चाला, रस्ता पाठ करून द्या, आणि मग त्यांना सोडा. पोलीस खात्यातली एक बाई वर्गात आली, मुलांना झेब्रा क्रॉसिंगवर घेऊन गेली आणि त्यांच्याकडून घोटून घेतलं: कडेला थांबायचं, आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दिवाळीच्या सुमारास ईशान शेजारच्या इमारतीतल्या दोन मुलांबरोबर सातशे मीटर चालत शाळेत जायला लागला. पहिल्या दिवशी मी खिडकीत उभी राहून त्याचं दप्तर वळणापलीकडे जाईपर्यंत बघत होते. घरी आला तेव्हा त्याच्या चालण्यातच फरक पडला होता. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःचा असा एक रस्ता असणं म्हणजे काय असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

खेळायला जायचं मात्र वेगळंच. कुणाकडे जायचं तर आधी त्या मुलाच्या आईला मेसेज, मग तारीख, मग वेळ. ‘‘पुढच्या गुरुवारी तीन ते पाच चालेल का?’’ अशी उत्तरं यायची. पाच वाजले की कोट घालून घरी. रविवारी इमारतीच्या आवारात चेंडू आपटला तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांची चिठ्ठी दाराला. ईशानने एकदा विचारलं होतं, ‘‘आई, नाशिकला आजीकडे कुणी न विचारता का येतं?’’ त्या प्रश्नाने मी रात्रभर जागी होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कळलं की ३१ जुलैला करार संपतोय. त्याच सुमाराला तिसरीचा सहामाही निकाल आला होता. ईशानचा जन्म मार्च २०१६ चा, म्हणजे वयाने त्याने जून २०२५ ला इथे चौथीत बसायला हवं. तिथली शाळा जुलैअखेर संपते, इथली जूनच्या मध्याला सुरू होते. दीड-दोन महिन्यांची ही फट परत येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येते. लवकर निघून यावं असं आम्हालाही वाटलं होतं. पण तिथे शाळा चालू असताना मूल घेऊन निघून जाता येत नाही. आदल्या वर्षी स्वस्त तिकिटासाठी सुट्टीआधीचे चार दिवस आम्ही लेखी अर्ज करून मागितले होते, तेही मिळाले नव्हते. शिवाय तिसरीचा पूर्ण निकाल हातात असावा असं मला वाटत होतं. तो निर्णय बरोबर ठरला. पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न हाच आला, ‘‘तिसरी पास झाल्याचा कागद आहे का?’’

माध्यमाचा प्रश्न सगळ्यात जास्त छळत होता. नातेवाइकांपैकी जवळजवळ सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की परदेशातून आलेलं पोर म्हणजे इंग्रजी माध्यम आणि सीबीएसई. जर्मनीत शाळा जर्मन भाषेत चालते, हे कितीदा सांगितलं तरी लक्षात राहायचं नाही. त्या राज्यात इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं. म्हणजे ईशानला आलेलं इंग्रजी एका वर्षाचं, तेही गाणी आणि रंगांची नावं इतपत. मराठी मात्र घरात अखंड बोलली जात होती. त्याला आजोबांच्या गोष्टी कळायच्या, भांडताही मराठीत यायचं. फक्त वाचता येत नव्हतं. मग मी उलटा विचार केला: ज्या भाषेत त्याला कळतं त्या भाषेत वाचायला शिकवणं सोपं, का नवी भाषाच शिकवणं सोपं? असा विचार केला तेव्हा मराठी माध्यम, सेमी इंग्रजी, हे आमच्या घरापुरतं पक्कं झालं. गणित इंग्रजीतून, बाकी मराठीतून. तुमच्या मुलाची भाषांची शिदोरी वेगळी असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल, पण शिदोरी मोजूनच ठरवा. लोकांच्या समजुतीवर ठरवू नका.

फेब्रुवारीपासून रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं देवनागरी. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. पहिली ते तिसरीची मराठीची पुस्तकं मी उतरवून, छापून, स्पायरल करून घेतली. काना, मात्रा, वेलांटी यांत तो लवकर रुळला. जोडाक्षरांनी मात्र दोघांचाही घाम काढला. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ची वेगळी वही केली होती, अजून जपून ठेवली आहे.

आकड्यांची गंमत मला कधीच सुचली नसती. जर्मनमध्ये एकवीस म्हणताना आधी एक म्हणतात, मग वीस. मराठीतही तसंच. त्यामुळे ईशानला एकवीस, बावीस, तेवीस अगदी घरचे वाटले. ‘‘आई, हे आपल्यासारखंच बोलतात,’’ असं तो जर्मन लोकांबद्दल म्हणाला. पण एकोणतीसला अडला. नऊ आणि वीस कुठे गेले? तिसातून एक कमी, हे पटायला त्याला आठवडा लागला, आणि मग एकोणचाळीस, एकोणपन्नास तो स्वतःच करत सुटला. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मीही तेव्हा चिडले होते. आता एका मुलाला हे आकडे पायरीपायरीने शिकवताना दोन्ही बाजूंचं म्हणणं कळलं.

याच काळात इथे पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी करण्यावरून वातावरण तापलं होतं. १६ एप्रिलचा शासन निर्णय आला, जूनमध्ये तो बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. परदेशात बसून या बातम्या वाचताना पोटात गोळा यायचा. मराठी, इंग्रजी एकदम उचलायचं आहे, त्यात अजून एक आलं तर याचं काय होईल, एवढंच मला दिसत होतं.

शाळांना फोन मी मार्चपासून सुरू केले, आणि जिथे फोनवर धड बोलणं होईना तिथे सासरे प्रत्यक्ष जाऊन आले. एका शाळेने सांगितलं की वर्षाच्या मध्ये जागा नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, आधी मुलाची इंग्रजीत परीक्षा आणि आईवडिलांची मुलाखत, मग तिसरीत बसवायचं की चौथीत ते आम्ही ठरवू. त्या दिवशी सासरे घरी येऊन गप्प बसून राहिले होते. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस, नातवासाठी बाकावर दीड तास ताटकळला होता. त्या रात्री मी २००९ चा शिक्षण हक्क कायदा उघडून वाचला. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण मला हे आधी माहीत असतं तर बरेच अश्रू वाचले असते. कलम ४ वयानुरूप वर्गाबद्दल आहे आणि मागे पडलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण मिळावं असं त्यात म्हटलंय. कलम ५ नुसार आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १३ प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला मनाई करतं. कलम १५ म्हणतं, मुदत उलटून गेल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारायचा नाही. मी कुठेही भांडले नाही. पण अर्जात ‘वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळावा’ हे शब्द नेमके वापरले, आणि त्या शब्दांमुळे समोरच्याचा सूर बदलला असं मला जाणवलं.

कागदांची खरी अडचण अशी की आपला शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला सगळे एलसी म्हणतात, तसा कागद तिथे नसतोच. जन्मतारीख, जात, जन्मस्थळ, शेवटची इयत्ता, वर्तणूक असं सगळं एका पानावर लिहून कुणी देत नाही. शाळेने दिलं ते एक साधं पत्र: अमुक विद्यार्थी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होता, देश सोडत असल्याने नाव कमी केलं. मी मुख्याध्यापिकेला विनंती करून त्यात तीन गोष्टी घालून घेतल्या. जन्मतारीख, ‘तिसरी यशस्वीपणे पूर्ण केली’ हे वाक्य, आणि ‘चौथीत बसण्यास पात्र’ हे वाक्य. खाली शाळेचा गोल शिक्का. शिक्क्याशिवाय नाशिकला कागदाला किंमत नाही, हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं, पण त्यांनी मनापासून केलं. मग पहिली आणि दुसरीचे अहवाल, तिसरीचा निकाल आणि हे पत्र यांचं तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून इंग्रजी भाषांतर करून घेतलं. १४५ युरो लागले आणि नऊ दिवस. हे काम तिथेच उरका. शहर सोडताना पालिकेत नाव कमी करावं लागतं, ते निघायच्या फार तर आठवडाभर आधी करता येतं. त्याचाही कागद जपून ठेवा.

३० जुलै हा त्याचा शाळेतला शेवटचा दिवस. वर्गाने एक वही दिली, प्रत्येक मुलाने एकेक पान भरलेलं. त्याच्या मित्राने सायकल काढली होती. त्यामागचं कारण सांगते. तिथे चौथीत मुलांना पोलिसांकडून सायकल चालवायचं प्रशिक्षण मिळतं आणि शेवटी परीक्षा असते. दोघं मित्र दोन वर्षं त्या परीक्षेची वाट बघत होते. ईशानची चौथी आता तिथे होणार नव्हती. विमानात तो ते पान उघडून बराच वेळ बसला होता. मी काही बोलले नाही.

३ ऑगस्टला रविवारी नाशिकला पोचलो. सोमवारी पहिलं काम आधार. त्याचं बाल आधार दोन वर्षांचा असताना काढलेलं, पाचव्या वर्षी बोटांचे ठसे द्यायचे राहून गेलेले, कारण ती वेळ करोनाची आणि मग आम्ही बाहेर. शाळेच्या पोर्टलवर मुलाची नोंद आधारशी जुळवतात, म्हणून हे आधी करणं बरं. पोस्टातल्या केंद्रात सकाळी आठला टोकन घेतलं, साडेअकराला नंबर लागला, शंभर रुपये भरले. अद्ययावत आधार तीन आठवड्यांनी आलं, पण पावती दाखवून पुढचं काम अडलं नाही.

आम्हाला हवी असलेली शाळा घरापासून नऊशे मीटरवर. त्या आठवड्यात तिथे पायाभूत चाचणीची धावपळ होती. मंगळवारी मुख्याध्यापक भेटले नाहीत, बुधवारी भेटले. त्यांनी कागद पाहिले, ईशानला शेजारी बसवलं आणि विचारलं, ‘‘तुला इथे काय आवडलं?’’ तो म्हणाला, ‘‘आजोबांची स्कूटर.’’ सर हसले आणि म्हणाले, ‘‘चौथीत घेऊ. पण वरिष्ठांना विचारून.’’ परदेशातून थेट चौथीत येणारं मूल त्यांच्या शाळेत पहिल्यांदाच येत होतं, त्यामुळे त्यांनाही लेखी काहीतरी हवं होतं. आमच्याकडून एक प्रतिज्ञापत्र मागितलं: मुलाचं शिक्षण कुठे, कधी झालं, कागद खरे आहेत, भारतात याआधी पहिली ते तिसरीत कुठे नाव नव्हतं. सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या बाजूला टायपिंग आणि नोटरी मिळून साडेतीनशे रुपये. मध्येच राखी पौर्णिमा, मग रविवार. ११ तारखेला अर्ज, प्रतिज्ञापत्र, महापालिकेचा जन्मदाखला, पासपोर्टची प्रत, भाषांतरं, सगळं फाईलला लावून दिलं. प्रत्येकाच्या तीन प्रती काढल्या होत्या. तीनही लागल्या.

क्लार्क मॅडमनी निकालपत्र हातात घेतलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. ‘‘गणितात दोन? परिसर अभ्यासात दोन? आणि पीटीत एकच?’’ जर्मनीत एक ते सहा अशी श्रेणी असते आणि एक म्हणजे सर्वोत्तम. आपल्याकडे आकडा जितका मोठा तितकं मूल हुशार, त्यामुळे त्यांचं चुकलं नव्हतं. भाषांतरात श्रेणींचा अर्थ लिहिलेला होता, पण मागच्या पानावर, बारीक अक्षरात. मी तो उलगडून दाखवला, त्यांनी पेन्सिलीने बाजूला ‘१ = अति उत्तम’ असं लिहून ठेवलं. तुम्ही भाषांतर करून घ्याल तेव्हा ही ओळ पहिल्याच पानावर, ठळक घ्यायला सांगा. पहिलीला तर आकडेच नव्हते, फक्त परिच्छेद होते: कात्री नीट वापरतो, दुसऱ्याचं ऐकून घेतो, उत्तर माहीत नसेल तर तसं सांगतो. मॅडमनी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

१४ तारखेला नाव चढलं. अनुदानित शाळा असल्यामुळे शिक्षण शुल्क नाही, पाठ्यपुस्तकं शाळेतूनच मिळाली. शालिमारला गणवेशाचे दोन जोड १६५० रुपयांना, बूट ४५०, वह्या सहाशेच्या आसपास. दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजता तो झेंडावंदनाला उभा होता. प्रतिज्ञा त्याला येत नव्हती. शेजारच्या मुलाचे ओठ बघत त्याने ती म्हटली.

कागदांचं काम असं अकरा दिवसांत आटोपलं. मुलाचं बस्तान बसायला दिवाळी उजाडली.

वर्गात तिथे बावीस मुलं होती, इथे चोपन्न. तिथे प्रत्येकाचं टेबल वेगळं, इथे बाकावर तिघं. पहिले चार दिवस तो घरी येऊन कान झाकून पडायचा. पाचव्या दिवशी बाकावरच्या दोघांची नावं सांगितली, आठव्या दिवशी त्यातला एक संध्याकाळी न सांगता घरी आला. ईशान दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता, ‘‘आई, याने विचारलंच नाही, थेट आला!’’ त्याचा तो चेहरा मी विसरणार नाही. त्या दिवसापासून तो सोसायटीच्या आवारात दिवेलागणीपर्यंत असतो. कुणाकडे पाणी पितो, कुणाकडे पोहे खातो, मला माहीतही नसतं. शाळेतल्या पोषण आहाराची खिचडी त्याला इतकी आवडते की डबा परत येतो.

पहिल्या गणिताच्या वहीत मात्र सगळं लाल होतं. तिथे एकचा आकडा वरती लांब रेघ देऊन काढतात, तो आपल्याला सातसारखा दिसतो. सातच्या मधून आडवी रेघ मारतात. गुणाकाराला टिंब, भागाकाराला विसर्गासारखी दोन टिंबं, दशांशाला स्वल्पविराम. बाईंना ती चुकीची उत्तरं वाटली. ईशान रडत म्हणाला, ‘‘मला येतं, पण त्यांना दिसत नाही.’’ मी वही घेऊन भेटायला गेले. एका कागदावर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लिहून नेल्या होत्या. बाईंनी तो कागद वर्गाच्या फळ्याशेजारी लावला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांना ‘परदेशी एक’ काढायला सांगितला. चोपन्न मुलांच्या वर्गात त्यांनी हे केलं, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

त्याच भेटीत त्यांनीही एक गोष्ट सांगितली. हा मुलगा मध्येच ‘‘पण का?’’ असं विचारतो, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारतो. उर्मट नाही, पण बाकीची मुलं हसतात. मी त्यांना तिथला वर्ग कसा असतो ते सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, ‘‘त्याला सांगा, हात वर करून विचार. मी शेवटची पाच मिनिटं ठेवते.’’ ती पाच मिनिटं आता इतर मुलंही वापरतात, असं कळलं. परत येणाऱ्या आईवडिलांना माझं हेच सांगणं आहे: फाईल क्लार्ककडे द्या, पण मुलाबद्दल वर्गशिक्षकांशी स्वतः जाऊन बोला. चिखलातलं वर्ष, एकट्याने चाललेला रस्ता, ‘माहीत नाही’ म्हणायची सवय, हे कुठल्याच दाखल्यावर येत नाही.

चौथीला इतिहासात शिवछत्रपती आहेत. ईशानला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि तो भाग त्याने अधाशासारखा वाचला. देवनागरी वाचनाला खरा वेग त्या पुस्तकाने आला. सप्टेंबरमध्ये आजोबा त्याला रामशेजला घेऊन गेले. संभाजी महाराजांच्या काळात मूठभर मावळ्यांनी हा गड मोगलांविरुद्ध वर्षानुवर्षं लढवला, ही गोष्ट त्याने वर पोचेपर्यंत चार वेळा ऐकली. स्टुटगार्टला आजोबा महिन्यातून दोनदा पडद्यावर दिसायचे.

राहिला रस्ता. दुसऱ्याच आठवड्यात तो म्हणाला, ‘‘नऊशे मीटरच आहेत, मी एकटा जातो.’’ मी हो म्हणणार होते. त्याच संध्याकाळी दुधाची पिशवी आणायला आम्ही रस्ता ओलांडत होतो. ईशानने शिकवल्याप्रमाणे डावीकडे पाहिलं, रिकामं दिसलं, पाऊल टाकलं. उजवीकडून आलेली मोटारसायकल त्याच्या दप्तराला घासून गेली. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणून आधी डावीकडे बघायचं. आपल्याकडे आधी उजवीकडे. तीन वर्षं घोटलेली सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की डोकं आपोआप डावीकडे वळत होतं. हे माझ्या लक्षात आधी यायला हवं होतं. तुम्ही युरोपातल्या अशा देशांतून किंवा अमेरिकेतून मुलांना घेऊन येत असाल तर बाकी काही वाचू नका, एवढं वाचा. पहिल्या दिवसापासून हात धरून उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे घोटून घ्या.

महिनाभर रिक्षावाल्या काकांकडे सोडलं. अकराशे रुपये, नऊ मुलं एका रिक्षात, ईशान कडेला दप्तर मांडीवर घेऊन. तो कुरकुरला नाही, पण शाळेतून आल्यावर पूर्वीसारखा भडाभडा बोलायचा नाही. मला वाटतं तिथे घरी येताना चालता चालता त्याचा अर्धा दिवस मनात नीट लागून जायचा. इथे फुटपाथवर गाड्या, सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी खोदलेलं, उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले. ‘पोरांना चालत पाठवा’ असं मी कुणाला म्हणणार नाही. पण नऊ वर्षांचा मुलगा नऊशे मीटर चालू शकत नाही असा आमचा रस्ता आहे, याचं मला फार वाईट वाटतं, आणि हे वाईट वाटणं मी गिळून टाकणार नाही. आम्ही सोसायटीतल्या सहा पालकांनी मिळून शाळेसमोर झेब्रा पट्टे आणि गतिरोधक मागणारा अर्ज महापालिकेत दिला आहे. आवक क्रमांक घेतला आहे.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा आजोबांनी तोडगा काढला. दोघं चालत निघतात. मोठा रस्ता येईपर्यंत ईशान पुढे, आजोबा वीस पावलं मागे. मेडिकलच्या दुकानापाशी आजोबा थांबतात. काल मी पहिल्यांदाच गुपचूप मागे गेले. ईशान कडेला उभा राहिला. मान आधी किंचित डावीकडे वळली, थबकली, मग त्याने ती ठरवून उजवीकडे वळवली. डावीकडे. पुन्हा उजवीकडे. एक रिक्षा जाऊ दिली. रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर त्याने मागे वळून आजोबांना हात केला, आणि आजोबांनी काठी उंचावून दाखवली.